'आपण' जिंकलो, 'ते' हरले

नागराज मंजुळे यांचा 'झुंड' ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला. त्यावर बरेच लिहून झाले आहे. अमिताभ बच्चन यांनी भीमजयंतीच्या मंडपात बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे हात जोडले याचे कौतुक झाले. पूर्वार्ध रंगला पण उत्तरार्ध लांबला, अशी तक्रारही झाली. या चित्रपटाविषयी मला जे म्हणायचे आहे ते खेळाडूंविषयी कमी आणि बघणाऱ्यांविषयी अधिक आहे. एक महाविद्यालयाचा फुटबॉल संघ आणि भिंतीपलीकडच्या झोपडपट्टीतील पोरांचा संघ यांच्यातील सामना हा या चित्रपटाचा गाभा आहे, आणि सामना म्हटला की बघणारे आलेच. आपली समीक्षा लेखकाची जात विचारते, कलाकृतीची बांधीलकी तपासते. बघणाऱ्याला मात्र ती 'रसिक' म्हणून बिनचौकशी सोडून देते. ही चौकशी करण्याची वेळ आली आहे.

मी मराठी शिकवतो. भट्टनायकाचे साधारणीकरण दरवर्षी फळ्यावर लिहितो. कलाकृती पाहताना प्रेक्षकाचे 'मी'पण गळून पडते, भाव कुणा एकाचा राहत नाही, सर्वांचा होतो, असे विद्यार्थ्यांना सांगतो. परीक्षेत ते तसे लिहितात आणि मी गुण देतो. पण हे 'मी'पण किती वेळ गळलेले राहते, खेळ संपल्यावर ते कुठून परत येते, आणि परत येताना जात बरोबर घेऊन येते की काय, हा प्रश्न आमच्या अभ्यासक्रमात नाही. तो मला फुटबॉलच्या मैदानावर भेटला.

'झुंड' मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा प्रदर्शित झाल्या आठवड्यातच, शहरातल्या चित्रपटगृहात, आमच्या महाविद्यालयाचा फुटबॉल संघ आणि त्याच्यामागे हिंडणारी पोरे यांच्याबरोबर. दुसऱ्यांदा २०२३ च्या भीमजयंतीच्या आदल्या रात्री, भोर तालुक्यातील माझ्या गावी, भोंगवलीला, आमच्या वस्तीत समाजमंदिराच्या भिंतीवर, मागून आणलेल्या प्रोजेक्टरवर. चित्रपट एकच. पण ज्या ठिकाणी चित्रपटगृह हसले त्या ठिकाणी समाजमंदिर हसले नाही, आणि ज्या ठिकाणी चित्रपटगृहात मोबाईलचे उजेड पडू लागले त्या ठिकाणी समाजमंदिरात बायका पुढे सरकून बसल्या.

ते ठिकाण कोणते, हे सांगितले पाहिजे. रिंकू राजगुरू यांनी उभी केलेली मोनिका ही आदिवासी मुलगी संघात निवडली जाते. परदेशी जायचे तर पासपोर्ट हवा. पासपोर्टसाठी आपण आपणच आहोत याचा पुरावा हवा. तो तिच्यापाशी नाही. मग ती आणि तिचा बाप एका दारातून दुसऱ्या दारात हिंडत राहतात. या भागात चित्रपट रेंगाळतो, असे चित्रपटगृहातून बाहेर पडताना आमच्यातला एक जण म्हणाला. जवळजवळ तीन तासांचा चित्रपट आहे, हे खरे. पण भोंगवलीत हाच भाग सामन्यासारखा पाहिला गेला. कारण समाजमंदिरात बसलेल्या जवळजवळ प्रत्येक घराने हा सामना खेळलेला आहे. जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा शोधताना आजोबांच्या शाळेचा दाखला कुणी कुठल्या गावाहून आणला, कुणाच्या दाखल्यावर आडनावच नव्हते, कुणाचे आजोबा शाळेतच गेले नव्हते, हे बोलणे चित्रपट चालू असतानाच सुरू झाले. "आता मुंबईला पाठवतील बघ तिला," असे एक म्हातारी म्हणाली. पुढचे तिला पाठ होते.

तेव्हा उत्तरार्ध लांबला की नाही, हा केवळ संकलनाचा प्रश्न उरत नाही. लांबी कुणाला जाणवते, हाही प्रश्न आहे. ज्याच्या घरात कागद पिढ्यान्‌पिढ्या पेटीत जपून ठेवलेला आहे त्याला दहा मिनिटे फार वाटतात. ज्याने एका कागदासाठी दोन वर्षे घालवली त्याला ती थोडी वाटतात. दोघेही प्रामाणिक आहेत. परंतु वर्तमानपत्रात परीक्षण लिहिणारा पहिला असतो, आणि स्वतःच्या कंटाळ्याला तो कलेचा निकष म्हणतो. आमचा आक्षेप या ठिकाणी आहे.

आता मूळ सामन्याकडे वळू. चित्रपटातील विजय बोराडे हे पात्र नागपूरच्या विजय बारसे यांच्यावरून घेतलेले आहे. बारसे हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडाशिक्षक होते. पावसात मोडक्या बादलीला लाथाडणारी पोरे त्यांनी पाहिली आणि त्यातून २००१ साली झोपडपट्टी फुटबॉलचे काम उभे राहिले. चित्रपटात बादलीच्या जागी प्लास्टिकचा डबा आहे. या कथेवर आपल्याकडच्या काही मित्रांनी उद्धारकर्त्याची कथा म्हणून टीका केली. बाहेरून एक मोठा माणूस येतो आणि दलित पोरांना वर काढतो, असा हा साचा आहे, असे त्यांचे म्हणणे. ही टीका निराधार नाही. न्यायालयातल्या प्रसंगात बोराडे पोरांच्या वतीने बोलतात आणि पोरे नुसती बोलण्याचा विषय होऊन उभी राहतात. तेवढ्या वेळेपुरता मंजुळ्यांचा कॅमेराही नटाच्या वलयाला शरण जातो. ज्या पोरांना त्याने इतका वेळ स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या भाषेत बोलू दिले, त्यांच्यासाठी वकील उभा करण्याची गरज नव्हती.

पण माझ्या मते बोराडे आधी उद्धारकर्ता नाही. आधी तो प्रेक्षक आहे. त्याच रस्त्याने रोज शेकडो माणसे जात होती. पोरे डबा लाथाडीत होती हे त्यांनाही दिसत होते. दिसणे आणि थांबून बघणे यांत फरक आहे. बोराडे थांबला. झुंड ही बघणाऱ्याच्या डोळ्यात झुंड असते; कुणीतरी थांबून बघितले की तिचा संघ होतो, कारण मग पास कुणी दिला, आडवा कोण गेला, चुकले कुठे, हे दिसू लागते. बाबूराव बागुलांनी दलित साहित्याच्या केंद्रस्थानी माणूस ठेवला. तो माणूस दिसण्यासाठी आधी गर्दी म्हणून बघणे सोडावे लागते. सामना सुरू होतो तेव्हा महाविद्यालयाच्या बाजूचे लोक वस्तीतल्या पोरांना हसायलाच बसलेले असतात. खेळ चढत जातो तसे हसू ओसरते. चित्रपटातली ही सर्वांत मोलाची जागा होय. भाषण नाही, उपदेश नाही; चेंडू कुणाच्या पायात आहे एवढ्यावर बघणाऱ्याची नजर बदलते.

ती बदललेली नजर टिकते किती वेळ? इथे मला आमच्या संघाच्या हंगामाविषयी बोलले पाहिजे. महाविद्यालयाचे नाव सांगत नाही, कुठलेही चालेल.

चित्रपट पाहिला त्याच वर्षीच्या हंगामात आमचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पुढे पुढे जात राहिला. बाद पद्धत, म्हणजे एक सामना हरला की घरी. पुढच्या फेरीवर दोन-तीन मुलांची विद्यापीठाच्या संघातली निवड अवलंबून होती, आणि त्या निवडीवर पुढे खेळाडू म्हणून मिळू शकणारी नोकरी. मी फुटबॉलमधला जाणकार नाही. आमच्या भोंगवलीत कबड्डी होती, जत्रेत कुस्त्या होत्या. फुटबॉल मी नोकरीला लागल्यावर जवळून पाहिला. तरीही त्या दोन महिन्यांत मी तास आटोपून मैदानावर धावू लागलो. आम्ही पंचवीस-तीस जण होतो. ढोल होता. गोलकीपर आमच्यातलाच, वस्तीतला मुलगा. त्याने उपांत्यपूर्व सामन्यात पेनल्टी अडवली तेव्हा ज्यांनी त्याला खांद्यावर घेतले त्यांची आडनावे मी मुद्दाम मोजली, आणि मला आनंद झाला. सगळे ओरडत होते, "आपण जिंकलो!" मीही ओरडत होतो.

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' हे दोन वेगळे शब्द आहेत. 'आम्ही'त समोरचा नसतो, 'आपण'मध्ये असतो. हा भेद दलिताइतका कुणाला कळत नाही, कारण त्याच्याशी बोलताना गावाने शतकानुशतके 'आम्ही' आणि 'तुम्ही' एवढेच वापरले. म्हणून मैदानावर 'आपण' ऐकू आला की जीव सुखावतो.

पुढचा सामना आम्ही एका गोलने हरलो. चेंडू गोलकीपरच्या हातातून निसटला. परतताना गाडीत मागून कुणीतरी म्हणाले, "कोट्यातला कीपर घेतल्यावर दुसरं काय होणार?" दोघे-तिघे हसले. महाविद्यालयाच्या संघात कोटा नसतो, हे सर्वांना ठाऊक होते. तो मुलगा माझ्या मागच्याच बाकावर होता. त्याने ते ऐकले, आणि मी ऐकले हेही त्याने पाहिले. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. घराण्यातला पहिला पदवीधर, कायम होऊन थोडीच वर्षे झालेली, सहकाऱ्यांत नुकतीच जागा मिळू लागलेली, अशी माझी कारणे होती. ती कारणे आजही मला पाठ आहेत. पुढच्या हंगामात तो मैदानावर आला नाही. अभ्यास आहे, असे त्याने सांगितले. मी ते मान्य केले, कारण मान्य करणे सोयीचे होते.

ही एका गाडीतली गोष्ट नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये वंदना कटारिया हिने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकच्या हॉकीत असे करणारी ती पहिली भारतीय महिला. तेव्हा ती देशाची लेक होती. त्यानंतर चारच दिवसांनी, ४ ऑगस्ट २०२१ रोजी, भारत उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाकडून हरला आणि हरिद्वारजवळच्या रोशनाबादला तिच्या घरासमोर फटाके फुटले. संघात दलित फार झाले म्हणून हरलो, असे तिच्या घरच्यांना ऐकवले गेले. जिंकलो तेव्हा 'आपण', हरलो तेव्हा 'ते'. व्याकरण तेच.

आणि हे आजचेही नाही. पुण्याच्या मैदानावर खेळपट्टीची निगा राखण्यापासून सुरुवात केलेल्या पळवणकर बाळूंनी १९०६ साली हिंदूंच्या संघाला युरोपियनांविरुद्ध विजय मिळवून द्यायला हातभार लावला, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. त्याच बाळूंना पुण्यात सुरुवातीच्या काळात चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात दिला जात असे. चेंडू त्यांच्या हातून घेताना विटाळ होत नव्हता. गुणवत्ता सिद्ध असूनही संघाचे कर्णधारपद त्यांना लाभले नाही. १९२० साली त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी कर्णधारपदाच्या अन्यायावरून संघातून अंग काढून घेतले. त्यानंतर, १९२३ साली, विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंचा संघ जिंकला. मुंबईने त्यांना डोक्यावर घेतले. डोक्यावर घेणे सोपे असते. पंगतीत शेजारी घेणे अवघड. मला यातली १९२० ची घटना १९२३ च्या विजयाहून मोठी वाटते. ज्या दिवशी हे दोघे भाऊ खेळायला उतरले नाहीत त्या दिवशी प्रेक्षकांना पहिल्यांदा विचार करावा लागला की, 'आपण' म्हणजे नेमके कोण?

'झुंड'ची ताकद आणि मर्यादा या कसोटीवर ठरवली पाहिजे. महाविद्यालयाविरुद्धचा सामना जिंकल्यावर चित्रपट संपला असता तर तो प्रस्थापितांचा आवडता चित्रपट झाला असता. शिट्टी वाजली, दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवल्या, 'आपण' सगळे एक झालो, घरी गेलो. मंजुळे तसे करीत नाहीत. सामना संपल्यावर ते पोरांबरोबर राहतात; पोलीस, कागद, जुने भांडण, नवऱ्याचा नकार, विमानतळावरची तपासणी, या सगळ्यांतून जातात. शेवटी विमान त्या भिंतीवरून उडते, भिंत मात्र तिथेच उभी राहते. उत्तरार्ध लांबला तो यामुळे. शिट्टीनंतरचा खेळच जर लांब असेल तर त्याचा चित्रपट आखूड कसा होणार? न्यायालयातले भाषण मी दोष म्हणून नोंदवले आहे. पण लांबीचा दोष मी मंजुळ्यांवर ठेवायला तयार नाही.

साधारणीकरण होते, हे मी नाकारीत नाही. मैदानावर ते माझ्या डोळ्यांदेखत झाले आणि माझ्यातही झाले. पण त्याला मुदत असते, आणि ती मुदत जात ठरवते. दलित समीक्षेने रसिकाला एवढे तरी विचारावे की, बाबा रे, शिट्टी वाजल्यावर तुझे 'आपण' किती वेळ टिकले? कुणासाठी टिकले?

हा प्रश्न पहिल्यांदा मलाच विचारला पाहिजे. त्या गाडीत बोलणारा एक होता, हसणारे दोघे-तिघे होते, आणि गप्प बसलेला एक प्राध्यापक होता. भोंगवलीत समाजमंदिराच्या भिंतीवर मोनिका आणि तिचा बाप दारोदार हिंडत होते तेव्हा मला तो मुलगा आठवत होता. त्याच्याकडे अजून मला जायचे आहे. हा लेख लिहिला म्हणून ते जाणे चुकत नाही.