जोर कशाला म्हणायचं? : ‘द लास्ट अ‍ॅनालॉग जनरेशन’ ऐकताना

संध्याकाळी साडेसहाला गंगापूर रोडवर गाडी लावायला जागा शोधून तुम्ही वेळेवर आलात, त्यासाठीच खरं तर आधी टाळ्या वाजवायला हव्यात. (हशा)

आजचा विषय एका रॉक अल्बमचा आहे म्हटल्यावर आयोजकांनी आम्हाला विचारलं, “फार मोठ्यानं वाजणार का हो?” प्रश्न रास्त आहे. रॉक म्हटलं की जोर आलाच. पण जोर म्हणजे काय, हे नाशिककरांना बाहेरून कुणी शिकवायची गरज नाही. आपल्याकडे ढोल आहे. मिरवणुकीत उभे राहिलेल्यांना माहीत असतं की पन्नास ढोल एकदम वाजले म्हणून अंगावर काटा येत नाही. ताशा एकटा कडकडत राहतो, ढोल क्षणभर गप्प बसतात, आणि मग जो एकच ठोका पडतो, तिथे काटा येतो. जोर त्या थांबण्यात साठलेला असतो. आज आम्हाला एवढंच सांगायचं आहे. बाकी सगळा त्याचा दाखला.

‘ब्लॅकस्ट्रॅटब्लूज’ हे नाव इथे किती जणांनी ऐकलंय? सात-आठ हात दिसतात. चालेल. हा मुंबईच्या वॉरेन मेंडोन्साचा प्रकल्प. शंकर-एहसान-लॉय या त्रयीतल्या लॉय मेंडोन्सांचा हा पुतण्या. आधी तो ‘झीरो’ या मुंबईच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा. पुढे काही वर्षं न्यूझीलंडमध्ये राहिला, परत आला. २००७ मध्ये त्याचा या नावाचा पहिला अल्बम आला, आणि २०१७ मध्ये आला ‘द लास्ट अ‍ॅनालॉग जनरेशन’. सोबत ड्रम्सवर जय रो कवी, बेसवर आदी मिस्त्री, कीबोर्डवर बेव्हन फॉन्सेका. नावातली ‘स्ट्रॅट’ म्हणजे स्ट्रॅटोकास्टर, फेंडर कंपनीनं १९५४ मध्ये बाजारात आणलेली गिटार.

या बँडचं संगीत मुख्यतः वाद्यसंगीत आहे. “इंग्रजी गाण्यातले शब्द कळत नाहीत,” ही आपली नेहमीची सबब इथे चालत नाही, बरं का! गिटारही आपल्याला परकी नाही. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी होती, तशी ब्रिजभूषण काबरांची गिटारही होती. ती तबकडी आपल्यापैकी अनेकांच्या घरी वाजलेली आहे.

आता ब्लूजबद्दल दोन शब्द. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय माणसांनी घडवलेलं हे संगीत. त्याचा नेहमीचा साचा बारा बारचा, प्रत्येक बार चार मात्रांचा. म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन समजा. फिरून घरी यायचं, पुन्हा निघायचं. आणि त्याचा गंधार मोठा गमतीचा असतो. तो ना धड कोमल, ना धड शुद्ध. दोघांच्या मधे कुठेतरी तरंगतो. पियानोवर ती जागाच नाही. गिटारवर मात्र तार बोटानं बाजूला ओढली की ती सापडते. सतारिया मींड घेताना हेच करतो. तेव्हा बी. बी. किंगची ओढलेली तार ऐकून आपल्याकडचा श्रोता नकळत मान हलवतो, यात नवल नाही. साठच्या दशकात एरिक क्लॅप्टन, पीटर ग्रीन, जेफ बेक अशा इंग्लंडमधल्या पोरांनी हे संगीत उचललं, अ‍ॅम्प्लिफायर वाढवला, आणि ब्लूज-रॉक आकाराला आलं. मेंडोन्सा त्या घराण्याचा मुंबईकर शिष्य, असं आम्ही म्हणू.

या अल्बममध्ये जोर कुठे आहे? पहिली गोष्ट, मेंडोन्सा घाई करत नाही. आजकाल गिटार शिकणारी मुलं सेकंदाला किती स्वर वाजवता येतात, याची स्पर्धा लावतात. हा माणूस एक स्वर धरतो, ताणतो, तो थरथरू लागेपर्यंत थांबतो, आणि मगच पुढच्याकडे जातो. साधी, गुणगुणता येईल अशी धून आधी मांडतो. ती मनात बसली की तिला हळूहळू वर चढवतो. ‘ओड टू अ सनी डे’ ही त्याची लोकप्रिय रचना ज्यांनी ऐकली असेल, त्यांना ही सवय ओळखीची वाटेल.

दुसरी गोष्ट, हे चौघे एकमेकांचं ऐकतात. जय रो कवी ड्रम्सवर कुठे नुसता ठेका धरतो आणि कुठे गिटारला ढकलतो, ते पुन्हा ऐकताना लक्ष देऊन बघा. मघाच्या ताशा-ढोलाचं नातं इथे सापडेल. बेस जमीन धरून ठेवतो, कीबोर्ड आभाळ पसरतो. चौघे एकाच खोलीत एकमेकांकडे बघत वाजवताहेत, असं ऐकताना वाटत राहतं. नावातलं ‘अ‍ॅनालॉग’ आम्हाला तिथे भेटतं. कॅसेट पेन्सिलीनं गुंडाळणाऱ्या पिढीच्या आठवणींपुरतं ते नाही. माणसांनी समोरासमोर बसून, चुकण्याचा धोका पत्करून वाजवणं, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

कौतुकच करायचं असं ठरवून आम्ही आलेलो नाही. या अल्बमला कधीकधी गोडव्याचा सोस आहे. ब्लूजमध्ये घशाला पडलेली कोरड असते, पायाला लागलेली धूळ असते. इथे काही ठिकाणी सगळं फारच धुऊन-पुसून ठेवल्यासारखं वाटतं. धून चढत जाऊन शिखरावर पोचण्याची युक्तीही दोन-तीनदा कळली की पुढचं आधीच ओळखू येतं. एखादा तुकडा शिखरावर न जाता मधेच तुटला असता, तर आम्हाला जास्त आवडलं असतं.

तरीही हा अल्बम इथे, या रस्त्यावर, का ऐकवावासा वाटला? मुंबईत १९७८ पासून जॅझ यात्रा भरायची. ती आणि कितीतरी रॉकचे कार्यक्रम धोबी तलावच्या रंगभवनात व्हायचे. परिसर शांतता क्षेत्रात गेला आणि तो खुला रंगमंच या संगीताला मुकला. २०११ मध्ये महिंद्रा ब्लूज महोत्सव सुरू झाला, तो वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत. आपल्याकडे याच रस्त्यानं धरणाच्या बाजूला गेलं की द्राक्षमळ्यातलं खुलं प्रेक्षागृह लागतं. तिथला सुलाफेस्ट २००८ चा. म्हणजे जागा मिळतात, जातात, पुन्हा मिळतात. श्रोता मात्र घडवावा लागतो. आमच्या ओळखीतला एक मुलगा एका हॉटेलात स्वतःची रचना वाजवायला बसला. तिसऱ्या मिनिटाला चिठ्ठी आली, “ओळखीचं काहीतरी वाजवा.” त्यानं वाजवलं. पोट आहे शेवटी. स्वतःची रचना त्यानं पुन्हा तिथे काढली नाही.

विष्णू दिगंबर पलुसकरांनी पंचवटीत आश्रम उभारला, त्या गावाचे आपण श्रोते. अनोळखी धून पाच मिनिटं मुकाट ऐकायची, एवढं तर आपल्याला जमायला हवं. तीस सेकंदांत आवडलं नाही की पुढे ढकलायची सवय बोटाला लागली आहे. तिला आज थोडी सुट्टी देऊ.

दिवे जरा कमी करा. फोन उलटे ठेवा. आता सुरुवातीपासून, मधे न थांबता ऐकू. आणि हो, आवाज मोठा ठेवलाय, पण आयोजकांना विचारूनच! (हशा)