पश्चिम घाटाचे दोन अहवाल : एक परीक्षण

पश्चिम घाटातील वन्य जीवांचे अधिवास कायद्याने कसे राखावेत, या प्रश्नास दोन अहवालांनी दोन उत्तरे दिली. प्रा. माधव गाडगीळ यांच्या समितीने आपला अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये, तर डॉ. कस्तुरीरंगन यांच्या कार्यगटाने एप्रिल २०१३ मध्ये सादर केला. पुष्कळांच्या मते दोहोंतील भेद केवळ क्षेत्रफळाचा होय. आम्हांस तसे वाटत नाही.

गाडगीळ समितीने संपूर्ण घाट संवेदनशील मानून त्याचे तीन स्तर पाडले. मात्र या सीमा तात्पुरत्या असून ग्रामसभांच्या विचारानंतरच त्या निश्चित व्हाव्यात, असे सुचविले. कस्तुरीरंगन गटाने ‘नैसर्गिक’ व ‘सांस्कृतिक’ असा भूप्रदेशाचा भेद केला आणि सुमारे ६०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे घाटाचा ३७ टक्के भाग, संवेदनशील ठरविला. तेथे खाणी व वाळूउपसा यांस बंदी सुचविल्याने नियम सुटसुटीत झाले, हा गुण मान्य केला पाहिजे. परंतु उपग्रहचित्रांच्या आधारे आखलेली रेषा जीवसृष्टी पाळीत नाही. धनेश पक्षी जुन्या वृक्षाच्या ढोलीत घरटे करतो. तो वृक्ष गावच्या देवराईत असला, तर ‘सांस्कृतिक’ गणला जाऊन संरक्षणास मुकू शकतो.

गाडगीळ अहवालही निर्दोष नव्हे. गावाने ठरवावे असे म्हणणारा हा ग्रंथ इंग्रजीत लिहिला गेला, आणि शासनाने तो प्रसिद्ध केला तोही मे २०१२ मध्ये. मधल्या काळात भयाला वाव मिळाला. २०१३ मध्ये केरळातील इडुक्की भागात, जमिनी जातील या भीतीने जे आंदोलन उठले, त्यात चर्चचे काही पुढारीही अग्रभागी होते. शेतकऱ्याची बाजू घेणे हे पाळकाचे कर्तव्यच आहे. परंतु कळपाचे भय बोलून दाखविल्याने ते पुरे होत नाही. मूळ मजकूर त्यास समजावून देणे हेही त्यातच येते.

पहिला मसुदा मार्च २०१४ मध्ये निघाला. सहावा ३१ जुलै २०२४ रोजी. त्याच्या आदल्याच दिवशी वायनाडमधील दरडींनी शेकडो माणसांचा बळी घेतला होता. त्या आपत्तीचा सर्व दोष या विलंबावर टाकणे न्याय्य नव्हे. पण दहा वर्षे मसुद्यांत गेली, हे विसरताही येत नाही.

अशा मसुद्यावर हरकती घेण्यास लोकांना साठ दिवस मिळतात. त्या मुदतीत सत्तरी वा खानापूर येथील धर्मशिक्षकाने तो मजकूर आपल्या लोकांस मराठीत वाचून दाखविला, तर ग्रामसभेस निर्णयाचा खरा अधिकार लाभेल, असे आम्ही मानतो.