हौशी चित्रपट आणि कर्तृत्वाचा प्रश्न

लघुपटांच्या महोत्सवात एखादी कृती दाखविली जाते तेव्हा तिच्याविषयी पहिला प्रश्न विचारला जातो तो हा, की तिचा दिग्दर्शक कोण? प्रश्न साधा दिसतो; परंतु हौशी चित्रनिर्मितीच्या बाबतीत तो अपुरा ठरतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रथम शब्दाचा विचार करू. 'हौस' हा शब्द अरबी 'हवस'पासून आला. मुळातील अनावर ओढीची छटा मराठीत सौम्य झाली आणि 'हौशी' हे विशेषण 'व्यावसायिक' याच्या विरुद्ध पक्षी स्थिर झाले. मराठीतील त्याचा प्रयोग मात्र बहुधा समूहवाचक नामांशी होतो : हौशी मंडळी, हौशी नाट्यसंस्था, हौशी रंगभूमी. 1963 पासून पुण्यात होणारा पुरुषोत्तम करंडक महाविद्यालयाच्या संघाला मिळतो. वैयक्तिक पारितोषिके त्यानंतरची. लघुपट-महोत्सवाची परंपरा याहून निराळी आहे. जर्मनीतील ओबरहाउझेन येथे 1954 मध्ये असा महोत्सव सुरू झाला. तेथेच 1962 मध्ये सव्वीस जणांनी मिळून नव्या चित्रपटाचा जाहीरनामा काढला. पण त्या सामूहिक सह्यांतून पुढे प्रतिष्ठा पावली ती एकेका दिग्दर्शकाची. मुंबईत 1990 पासून भरणाऱ्या माहितीपट व लघुपटांच्या महोत्सवातही कृतीची ओळख मुख्यतः दिग्दर्शकाच्या नावानेच होते.

या पार्श्वभूमीवर मालेगावचे उदाहरण उद्बोधक आहे. यंत्रमागांच्या या गावात व्हिडिओगृह चालविणारे नासिर शेख यांनी 2000 मध्ये 'मालेगाव के शोले' काढला. नट गावातलेच, हाताशी असलेली सामग्री लग्नसमारंभाच्या चित्रीकरणाची. मूळ चित्रपटातील आगगाडीच्या जागी येथे बस आली आणि डाकूंच्या घोड्यांच्या जागी सायकली. ही तडजोड गरजेतून झाली हे खरे. परंतु विडंबन म्हणून ती अत्यंत समर्पक आहे. विडंबन हा प्रकार श्रोत्याच्या पूर्वज्ञानावर उभा असतो. 'शोले' (1975) ज्यांना मुखोद्गत आहे आणि सायकलही ज्यांच्या रोजच्या वापरातली आहे, त्यांनाच या दृश्याचे दोन्ही संकेत एकदम कळतात. अर्थात प्रेक्षक हाही येथे कर्त्यांपैकी एक होय. जेथे हा स्थानिक संकेत सुटतो व केवळ मूळ संवादांची नक्कल उरते, तेथे अशी कृती निस्तेज होते, हेही नमूद केले पाहिजे.

फैजा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (2008) हा माहितीपट या मंडळींच्या पुढील चित्रपटाच्या निर्मितीचा आलेख आहे. दिग्दर्शकाबरोबर लेखकांनाही त्यात बोलावयास अवसर मिळाला, हा त्याचा मोठा गुण. त्याची मर्यादा त्याच्या विषयातूनच उद्भवते. गावातील प्रेक्षक विडंबनाला हसतो; परगावचा प्रेक्षक पुष्कळदा साधनांच्या अभावाला हसतो. माहितीपट देशोदेशींच्या महोत्सवांतून फिरला. ज्या चित्रपटाची ती कथा, तो मात्र मुख्यतः तिचा विषय म्हणूनच बाहेर ओळखला गेला. रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' 2025 मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा तर हीच हकीकत व्यावसायिक चित्रपटाचे कथानक बनली.

यावर, 'हौशी कृतीचे मूल्य कृतीत नसून एकत्र येण्यात आहे', असे समाधान काही जण सुचवितात. ते वरवर उदार, पण वस्तुतः अवमानकारक आहे. कारण त्यात त्या कृतीला समीक्षेच्या कक्षेतूनच वगळलेले असते. सायकलींचे दृश्य चांगले आहे ते कर्ते गरीब होते म्हणून नव्हे, तर त्यांनी योग्य पर्याय निवडला म्हणून. ती निवड एकट्याची नसेल, तर समीक्षेनेही एकवचनाचा हट्ट सोडावयास हवा. महोत्सवांनी संघाला पारितोषिक द्यावे की नाही, हा व्यवस्थेचा प्रश्न होय. अभ्यासकाचे काम त्याच्या आधीचे आहे : कृतीतील कोणता निर्णय कोणत्या समूहाच्या भाषेतून, श्रमातून व स्मृतीतून आला, हे दाखवून मग तिचे गुणदोष निर्भीडपणे सांगणे. हौशी कलावंताचा खरा सन्मान त्यातच आहे.