तक्त्यातली कोंबडी आणि खुराड्यातली कोंबडी

कोंबड्यांच्या जातींचा तक्ता शिक्षकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. कुक्कुटपालनाच्या पुस्तिकांत, कृषी प्रदर्शनांत तो हमखास असतो. येरवड्यातील एका शाळेच्या भिंतीवर आम्ही तो नुकताच पुन्हा पाहिला. जात, वर्षाची अंडी आणि वजन असे तीन रकाने. व्हाइट लेगहॉर्न ३००, कडकनाथ १०५, गावरान ६०. एका मुलीने विचारले, "मग माझी आजी गावरानच का पाळते?" तक्त्यात याचे उत्तर नव्हते. म्हणून आम्ही तक्ताच तपासायला घेतला.

पहिला दोष असा, की हे तीन आकडे एकाच परिस्थितीतले नाहीत. ३०० हा आकडा मूळ लेगहॉर्न जातीचा नव्हे. तिच्यापासून निवडीने व संकराने घडवलेल्या, पिंजऱ्यात भरपूर खाद्यावर वाढणाऱ्या व्यापारी वाणांचा आहे. कडकनाथचे १०५ हा इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने दिलेला आकडा. गावरानचे ६० मात्र परसातले. म्हणजे जातींबरोबर आपण नकळत तीन निरनिराळ्या संगोपनपद्धतींचीही तुलना करतो.

दुसरा दोष अधिक महत्त्वाचा. गावरान कोंबडी साधारण १५ दिवसांत १०-१२ अंडी घालते आणि खुडूक होते. त्या काळात तिच्या रक्तात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते व अंडी घालणे थांबते. मग २१ दिवस उबवणी आणि सुमारे ८ आठवडे पिलांचा सांभाळ. बेरीज ९२ दिवस. वर्षातून अशा चार फेऱ्या. प्रत्येकी १५ अंडी धरली तरी ६० होतात! आकडा कमी दिसतो तो कोंबडी आळशी आहे म्हणून नव्हे, तर तिचे बाकीचे काम मोजलेलेच नाही म्हणून. लेगहॉर्न सहसा खुडूक होत नाही. तिची पिले यंत्रात उबवावी लागतात. नदीपलीकडे खडकीला शासनाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, ते याच कामासाठी.

तरीही गावरानचे भाबडे कौतुक आम्हाला करायचे नाही. लेगहॉर्न रोज सुमारे ११० ग्रॅम, म्हणजे वर्षाला ४० किलो खाद्य खाते. किलोमागे साडेसात अंडी. गावरानला रोज ३० ग्रॅम दाणे टाकले, तर वर्षाला ११ किलो. किलोमागे साडेपाच अंडी. इथेही लेगहॉर्नच सरस! पण २० ग्रॅम टाकले, तर किलोमागे आठ अंडी पडतात आणि निकाल फिरतो. बाकीचे पोट ती उकिरड्यावर आणि खरकट्यावर भरते. दाट वस्तीत ती जागाच उरली नाही, तर मूठ मोठी करावी लागते.

मांसाचेही तसेच. कॉर्निश आणि प्लायमाउथ रॉक यांच्या संकरातून आलेला ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास जातो. कडकनाथ २० आठवड्यांत सुमारे ९२० ग्रॅम. शिवाय अंड्यांची संख्या आणि शरीराचे वजन यांचा आनुवंशिक संबंध बहुधा उलटा असतो. एक वाढवू गेले की दुसरे घटते. दोन्हींत पहिला नंबर काढणारी जात म्हणूनच सापडत नाही.

अपुरा तक्ता महागात पडू शकतो. २०१९ मध्ये उघडकीस आलेल्या, सांगली जिल्ह्यातील कडकनाथ पालन योजनेत अनेक शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. चढ्या खरेदीभावाचे आश्वासन हाच तिथला ठळक रकाना होता. वाढीला लागणारा काळ, खाद्याचा खर्च आणि 'खरेदी थांबली तर?' हे रकाने किती जणांनी मागितले असतील?

शिक्षकांनी तक्ता भिंतीवरून काढू नये. त्यात तीन रकाने वाढवावेत: विकतचे खाद्य किती, पिले कोण उबवते, आकडा कुठे मोजला. ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्या मुलांनी आजीची दाण्यांची मूठ तराजूत तोलून आणावी. ती २० ग्रॅम भरते की ३०, यावर त्या मुलीच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर अवलंबून आहे.