कृष्णधवल अमूर्ताची बाजारपेठ

धनिकांच्या दिवाणखान्यांत आणि कंपन्यांच्या स्वागतकक्षांत अलीकडे एका विशिष्ट जातीचे चित्र वारंवार दृष्टीस पडते: सहा-सात फुटांचा कॅनव्हास, त्यावरील पांढऱ्या विस्तारात काळ्याचे दोन-तीन जाड फटकारे आणि कोपऱ्यात ठसठशीत सही. विक्रेता त्याला ‘मिनिमल’ म्हणतो आणि सोफ्याच्या रंगाशी त्याचे भांडण होत नाही एवढ्यावर संग्राहकाची खातरजमा होते. या प्रकाराला सरसकट नावे ठेवण्याचा माझा इरादा नाही. परंतु ज्या परंपरेचा वारसा तो सांगतो तिचे दप्तर उघडून पाहिले, तर आकारमान आणि दोन रंग एवढाच तपशील वारसांनी उचलला आणि मुख्य ऐवज, म्हणजे काळे व पांढरे जेथे एकमेकांना भिडतात त्या कडेवरचे कसब, मात्र मागेच राहिले, असे म्हणणे प्राप्त होते.

न्यूयॉर्कमध्ये १९५० साली चार्ल्स इगन यांच्या गॅलरीत फ्रान्झ क्लाइनचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले, तेव्हापासून त्याच्या चित्रांविषयी एक गैरसमज रूढ आहे, तो असा की पांढऱ्या पटावर त्याने आवेशाच्या भरात काळे ओढले. वस्तुतः टेलिफोन डिरेक्टरीच्या पानांवर केलेली छोटी रेखाटने समोर ठेवून तो कित्येक मोठी चित्रे उभी करी, आणि पांढराही काळ्याइतकाच रंगवी. सुमारे दोन मीटर उंच आणि अडीच मीटर रुंद असलेल्या ‘माहोनिंग’ (१९५६) या चित्रापाशी जाऊन पाहावे: पांढरा काळ्यावर चढून आला आहे, त्याने काळ्याची बाजू कापून तिला धार दिली आहे, कोठे दोहोंच्या मिश्रणातून मळकट करडा उमटला आहे. त्याच्या मृत्यूनंतर अर्धशतकाने, २०१२ साली, त्याचे एक चित्र चार कोटी डॉलरांहून अधिक किमतीस लिलावात गेले आणि नकलेचा धंदा आणखी फोफावला, यात नवल ते काय!

फ्रँक स्टेलाने १९५९ च्या सुमारास, वयाच्या तेविसाव्या वर्षी, घरे रंगविण्याच्या काळ्या एनॅमलने समांतर पट्टे ओढले आणि मधल्या बारीक फटींत कोरा कॅनव्हास उघडा ठेवला. चिकटपट्टीचा आधार न घेतल्यामुळे त्या फटी किंचित थरथरतात. सगळे चित्र त्या थरथरीवर जिवंत आहे. राहिला आकारमानाचा मुद्दा. मालेविचचा १९१५ चा ‘काळा चौकोन’ प्रत्येक बाजूस अवघा ७९.५ सेंटीमीटर भरतो, सबब भव्यतेचा हिशेब फूटपट्टीने करू पाहणाऱ्यांनी थोडे सबुरीने घ्यावे.

आपल्याकडे या विषयाची सर्वांत निर्मम साधना नसरीन मोहमदी यांनी केली. १९७२ पासून बडोद्याच्या ललितकला विद्याशाखेत अध्यापन करणाऱ्या या चित्रकर्तीने नकशानविसाची उपकरणे हाती धरून शाई आणि पेन्सिलीच्या रेषा लहान कागदांवर ओढल्या; एकाच रेषेचा दाब वाटेत उतरत जातो, दोन रेषांतील अंतर हळूहळू दाट होते आणि निव्वळ कागदाचा पांढरा भाग तिरकस सरकू लागतो. बहुतेक कामांना त्यांनी शीर्षक दिले नाही, तारीखही घातली नाही, त्यामुळे आज लिलावगृहांच्या सूचिकारांची मोठी पंचाईत होते, आणि मला तरी त्यात काहीसा काव्यगत न्याय दिसतो. १९९० साली अलिबागजवळच्या किहीम येथे त्या वारल्या. न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयरने २०१६ साली आपले दालन उघडले ते त्यांच्या प्रदर्शनाने.

मुंबईतील भुलाभाई इन्स्टिट्यूटच्या दिवसांपासून त्यांचे स्नेही असलेले वासुदेव गायतोंडे यांचे उदाहरण तर बाजारपेठेला अधिकच अडचणीचे आहे. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांच्या १९७९ च्या एका कॅनव्हासला २३ कोटी ७० लक्ष रुपये मिळाले, आणि गायतोंडे म्हणजे रंगांचे तेजस्वी थर हे समीकरण पक्के झाले. परंतु १९८४ च्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास काही काळ दूर ठेवावे लागले असता त्यांनी शाईने कागदावर जी लहान चित्रे केली, त्यांत अक्षराची भूल पाडणारी पण कोणत्याच लिपीत न बसणारी काळी चिन्हे आहेत, आणि प्रत्येकाभोवतीचा पांढरा अवकाश नेमका तेवढाच राखलेला आहे. या कागदांना अद्याप त्यांच्या कॅनव्हासांच्या पंगतीत बसविले जात नाही. भिंत भरण्याइतके ते मोठे नाहीत, याखेरीज त्याचे दुसरे कारण मला आढळलेले नाही.