टक्के, पण कशाचे?

पावसाळ्यात छत्रपती संभाजीनगरात सकाळचे वर्तमानपत्र हाती आले की आधी एकच आकडा शोधला जातो. जायकवाडी किती टक्के भरले? पैठणच्या या धरणावरच शहराची तहान भागते. सातवीतल्या मुलांनाही तो आकडा ठाऊक असतो. मात्र ‘हे टक्के कशाचे?’ असे विचारले की वर्ग गप्प होतो. आमच्या मते हा दोष मुलांचा नाही, शेकडेवारी शिकवण्याच्या आपल्या रूढ पद्धतीचा आहे.

शेकडेवारीच्या पाठामागोमाग नफा-तोटा आणि सरळव्याज येते. नफा खरेदीच्या किमतीवर काढायचा, व्याज मुद्दलावर. म्हणजे पाया कोणता धरायचा हे आधीच ठरलेले असते; विद्यार्थ्याकडे उरतो तो गुणाकार-भागाकार. हा सराव हवाच. परंतु पाया निवडण्याची वेळच आली नाही, तर पाया नावाची काही गोष्ट असते हेही लक्षात राहत नाही.

आता जायकवाडीकडे पाहू. धरणाची एकूण क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर (दलघमी). त्यातील ७३८ दलघमी मृतसाठा आणि २,१७१ दलघमी उपयुक्त साठा. वर्तमानपत्रातील टक्के बहुधा उपयुक्त साठ्याचे असतात. म्हणून ‘शून्य टक्के’ म्हणजे कोरडे धरण नव्हे. २०१९ च्या उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्याच्या रेषेखाली गेले, तेव्हा साठा ‘उणे’ टक्क्यांत सांगितला गेला. ‘शंभरातला भाग उणे कसा?’ हा प्रश्न एखाद्या मुलाने विचारला, तर त्याला शाबासकीच द्यायला हवी.

पाया चुकला तर काय बिघडते? महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशानुसार, पावसाळा सरताना जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर नाशिक व अहिल्यानगरकडील वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न येतो. उपयुक्त साठ्याचे ६५ टक्के म्हणजे सुमारे १,४११ दलघमी. मृतसाठा मिळवून धरणात २,१४९. कोणी एकूण क्षमतेचे ६५ टक्के धरले, तर धरणात १,८९१ दलघमीच पाणी पुरेल. फरक २५८ दलघमीचा, म्हणजे नऊ टीएमसीहून अधिक! टक्के तेच, पाया निराळा.

बदलाच्या टक्क्यांत गोंधळ आणखी वाढतो. समजा, साठा २० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर गेला. ‘दहा टक्के वाढ’ असा मथळा येतो. प्रत्यक्षात उपयुक्त साठा ४३४ वरून ६५१ दलघमी झाला, म्हणजे आधीच्या साठ्याच्या ५० टक्क्यांनी वाढला. मृतसाठा धरून हिशेब केला, तर १,१७२ वरून १,३८९. म्हणजे वाढ साडेअठरा टक्के. पाणी तेवढेच आले, उत्तरे मात्र तीन! पहिले उत्तर दोन टक्केवारींमधील नुसती वजाबाकी आहे. उरलेली दोन हीच खऱ्या अर्थाने शेकडा वाढ. पुढे साठा ३० वरून पुन्हा २० वर आला, तर उपयुक्त साठ्यातील घट ५० नव्हे, ३३ पूर्णांक १/३ टक्के भरते, कारण आता पाया ६५१ आहे.

यासाठी नवा पाठ नको. फळ्यावर २९ सेंटिमीटर उंचीचा उभा पट्टा काढावा, १ सेंटिमीटरला १०० दलघमी धरून. तळापासून ७.४ सेंटिमीटरवर मृतसाठ्याची रेषा ओढावी. मग रोजच्या बातमीतला आकडा मुलांनीच पट्ट्यावर दाखवावा. आणि परीक्षेत ‘टक्के’ लिहिले की पुढे ‘कशाचे’ हेही लिहायला लावावे. त्याला एक गुण ठेवावा. मराठवाड्यातल्या मुलांना पुढे पाण्याच्या वाटपाच्या चर्चा ऐकायच्या आहेत, काहींना त्या करायच्याही आहेत. तो एक गुण तेव्हा त्यांच्या उपयोगी पडेल.