नावेतील जागा : ‘चेम्मीन’ आणि ‘तितास’

मच्छीमारांच्या जीवनावरील कादंबऱ्यांचा विचार करताना दारिद्र्य आणि निसर्गाचा कोप ही दोन पृथक् संकटे मानण्याचा प्रघात आहे. १९५६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या दोन कादंबऱ्या या प्रघाताविषयी शंका उत्पन्न करतात. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची मल्याळम ‘चेम्मीन’ (अर्थात कोळंबी) ही त्यांपैकी एक. आणि अद्वैत मल्लबर्मन यांची, त्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी निघालेली बंगाली ‘तितास एकटि नदीर नाम’ ही दुसरी.

‘चेम्मीन’ची चर्चा बहुधा एका लोकश्रद्धेभोवती फिरते. दर्यावर गेलेल्या पुरुषाचे प्राण घरच्या स्त्रीच्या पातिव्रत्यावर अवलंबून असतात, ही ती श्रद्धा. अनिश्चित सागराला सामोरे जाणाऱ्या समाजास तिच्यापासून धीर मिळतो, यात संशय नाही. परंतु पळनीच्या मृत्यूची कारणपरंपरा निराळी आहे. करुत्तम्मेविषयीच्या प्रवादामुळे सोबती त्याला नावेवर घेईनासे होतात. म्हणून तो लहानशा होडीतून एकटाच समुद्रावर जातो. अनेकांनी मिळून करावयाचे काम एकट्यावर येऊन पडते, ते बहिष्कारामुळे. असे असूनही पळनीचा अंत आणि करुत्तम्मा-परीक्कुट्टी यांची भेट लेखकाने एकाच रात्री घडविली आहे. कथानकाने सिद्ध केलेले सामाजिक कारण त्यामुळे अखेरीस श्रद्धेच्या छायेत झाकले जाते, आणि दोष स्त्रीच्या माथी राहतो.

मल्लबर्मन स्वतः मालो जातीतले. त्यांच्या कादंबरीतील सुबलला स्वतःची नाव नसल्यामुळे दुसऱ्याच्या नावेवर चाकरी पत्करावी लागते, आणि वादळात ती नाव वाचविताना तो तिच्याखालीच चिरडला जातो. वादळ मालकावर आणि चाकरावर सारखेच येते. जीव मात्र चाकराचा जातो. येथे श्रद्धेचा आडपडदा नाही. निराधार अनंताच्या आईला मालो वस्तीत थारा मिळतो, ती सूत कातून पोट भरते. समाजाची तग धरण्याची शक्ती अशा परस्परसाहाय्यात दिसते. पुढे ही एकी ढासळते, नदी गाळाने भरते, आणि वर आलेल्या जमिनीवर मालोंचा हक्क चालत नाही.

दोन्ही कादंबऱ्यांत मृत्यू पाण्यावर येतो. पण नावेत कोणाला कोणती जागा मिळावी, हे काठावरच ठरलेले असते. ‘चेम्मीन’ हे सत्य दाखवून शेवटी त्यापासून दूर सरते. ‘तितास’ ते अखेरपर्यंत सोडीत नाही. तिचे श्रेष्ठत्व यातच आहे.